दोन वर्षांचं लेकरू आणि पाठचं बाळ: नागपूरच्या घरातली तयारी

सहावा महिना लागल्यापासून घरी येणारं प्रत्येक माणूस माझ्या लेकराच्या गालाला हात लावून एकच म्हणायचं, "काय बाबू, आता तर तू मोठा झालास! दादा होणार नं!" तो तेव्हा पुरता दोन वर्षांचाही नव्हता. चपला उलट्या पायांत घालायचा. मे महिन्यात धाकटी झाली. तिला घरी आणून चार दिवस झाले होते, मी पाजत बसले होते, आणि तो माझ्या गुडघ्याला धरून उभा राहिला. "मी मोठा नाही," म्हणाला. "मी लहान. मला पण घे नं."

त्या दिवशी मी घरातल्या सगळ्यांना सांगितलं, हे वाक्य आता बंद. पाठीवर बाळ आलं म्हणून दोन वर्षांचं लेकरू एका रात्रीत चार वर्षांचं होत नाही. पुढे जे सांगते आहे ते सगळं याच गोष्टीवर उभं आहे. ज्यांच्या घरी एक ते तीन वर्षांचं मूल आहे आणि पुन्हा दिवस राहिले आहेत, त्यांच्यासाठी हे क्रमानं लिहिते आहे.

१. आधी तुमची तब्येत

एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्याआधी निदान दोन वर्षं जाऊ द्यावीत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. तुमचं अंतर त्याहून कमी असेल तर अपराधी वाटून घेऊ नका, पण पहिल्याच तपासणीला आधीच्या बाळंतपणाची तारीख आणि सिझर झालं होतं का, हे आपणहून सांगा. कमी अंतरावरचं सिझर असेल तर पुढचे निर्णय त्यावर ठरतात. नोंदणी पहिल्या तीन महिन्यांतच करा. धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस आधीच्या गरोदरपणात पूर्ण झाली असेल आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस राहिले असतील, तर एकच बूस्टर पुरतो. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या मनावर घ्या. त्या चहासोबत नकोत, आणि कॅल्शियमच्या गोळीसोबतही नकोत. पहिल्या खेपेला गोळी चुकली की सासूबाई आठवण करायच्या. दुसऱ्या खेपेला सगळ्यांचं लक्ष थोरल्याकडे, त्यामुळे मोबाइलवर गजर लावून ठेवा.

थोरल्याला उचलायचं की नाही? सगळं ठीक असेल आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर थोडंफार चालतं. तरी पाचव्या महिन्यापासूनच सवय बदला. आपण खाली बसायचं, त्याला मांडीत चढू द्यायचं. पलंगावर, सोफ्यावर तो स्वतः चढेल असं छोटं स्टूल ठेवायचं. पुढे सिझर झालं तर जवळपास सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलता येत नाही. तेव्हा 'आई आता उचलत नाही' हे त्याला नवं वाटायला नको. बाळ आलं आणि आईची कडेवर घेण्याची सवय सुटली, या दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्या तर तो त्यांचा संबंध जोडणारच.

तो अजून अंगावर पीत असेल तर लगेच तोडायची गरज नसते. गरोदरपण साधं असेल तर पाजता येतं. आधी अकाली बाळंतपण झालं असेल, अंगावरून जात असेल किंवा जुळं असेल तर मात्र डॉक्टरांना विचारा. मध्यावर दूध आपोआप कमी होतं, चवही बदलते, आणि बरीच मुलं तिथेच सोडतात. तोडायचं ठरवलं तर हळूहळू, एकेक वेळ कमी करत. कडुलिंब किंवा मिरची लावून तोडायला सांगणाऱ्या बायका आपल्याकडे अजून आहेत. कृपा करून ते करू नका. ज्या जागी त्याला आजवर शांत वाटत आलं, तिथेच त्याची जीभ पोळायची, हे मला पाहवत नाही.

२. त्याला काय सांगायचं, आणि कधी

तिसऱ्या महिन्यात सांगून उपयोग नाही. दोन वर्षांच्या लेकराला सहा महिने म्हणजे काय ते कळत नाही. पोट दिसायला लागलं की सांगा, आणि महिन्यांऐवजी त्याला दिसेल अशा खुणा द्या. आम्ही सांगायचो, "आता बाजारात संत्री आहेत नं? ती संपतील. मग आंबे येतील. आंब्यासोबत बाळ येईल." मृग बहाराची संत्री मार्चमध्ये सरत आली, तेव्हा फळांच्या ठेल्यावर तो रोज विचारायचा, "आंबे?" त्याला तेवढं पुरलं.

'तुला खेळायला बाळ आणतोय' असं मात्र सांगू नका. बाळ वर्षभर तरी त्याच्याशी खेळणार नाही, आणि त्याला फसवल्यासारखं वाटेल. खरं ते सांगा: बाळ रडेल, दूध पिईल, झोपेल, शू करेल. आई त्याला पुष्कळ वेळ मांडीत घेईल. त्याचे स्वतःचे तान्हेपणीचे फोटो दाखवा. "हा बघ तू, आबांच्या हातावर मावायचास." माझ्या मुलाला बाळाच्या गोष्टींपेक्षा हे फोटो जास्त आवडले. आपणही कधीतरी मांडीत होतो, याची त्याला खात्री करून घ्यायची होती.

आणि मोठ्या माणसांची थट्टा थांबवा. "आता तुझे लाड संपले", "आता तुला कोण विचारतं" हे आपल्याकडे प्रेमानंच म्हटलं जातं, पण लेकरू ते शब्दशः खरं मानतं. बोलणारे सासरचे असतील तर नवऱ्यानं सांगावं, माहेरचे असतील तर तुम्ही.

३. मोठे बदल एकत्र आणू नका

शी-शूची सवय, बाटली सोडवणं, वेगळी गादी, प्लेस्कूल, घर बदलणं. यातलं जे करायचं ते बाळाच्या तारखेच्या किमान दोन महिने आधी करा, नाहीतर बाळ तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत राहू द्या. त्याचा पाळणा किंवा पांघरूण बाळाला द्यायचं असेल तर तेही आधीच काढून घ्या, म्हणजे 'माझं काढून तिला दिलं' असं होत नाही.

प्लेस्कूलचा घोळ विदर्भात जास्त होतो. उन्हामुळे आपल्याकडच्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. मे-जूनमध्ये बाळंतपण असेल तर पहिली शाळा आणि पहिलं भावंड एकाच महिन्यात येतं. मी त्याचा प्रवेश दिवाळीनंतर घेतला. दोन वर्षांच्या मुलाचं चार महिन्यांत काही बुडत नाही.

इतकी काळजी घेऊनही बाळ आल्यावर तो पुन्हा कपड्यांत शू करेल, बोबडं बोलेल, बाटली मागेल. आठ-दहा आठवडे हे चालतं, कधी जास्तही. रागावू नका, लाजवू नका. बाटली मागितली तर द्या. माझ्या मुलानं बाटली दोनदा ओढली आणि स्वतःच ठेवून दिली.

४. बाळंतपण कुठे, आणि त्या रात्री तो कोणाजवळ

पहिलं बाळंतपण माहेरी हा रिवाज. दुसऱ्या वेळी जरा थांबून विचार करा. माहेर नागपुरातच असेल तर प्रश्न नाही. चंद्रपूर, अमरावती, यवतमाळला असेल तर थोरल्याचं घर, अंगण, बाबा, सगळंच बदलतं. माझं मत स्पष्ट आहे: जमत असेल तर आजीला इकडे बोलवा. आणि 'तेवढाच तुला आराम' म्हणून थोरल्याला महिनाभर आजोळी पाठवून देऊ नका. तो परत येतो तेव्हा त्याच्या जागेवर दुसरंच कोणी असतं.

दवाखाना ठरवताना अंतर पाहा. दुसऱ्या खेपेला कळा बहुधा लवकर वाढतात. वाडी किंवा हिंगणा रोडवरून सकाळच्या गर्दीत धंतोलीला पोचायला किती वेळ लागतो, ते एकदा जाऊन बघा. सरकारी दवाखान्यात जायचं असेल तर गांधीबागेतलं डागा स्त्री रुग्णालय, मेडिकल आणि मेयो आहेत, मिहानमध्ये एम्स आहे. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधं आणि जेवण मोफत असतं, आणायला-सोडायला १०२ ची गाडी मिळते. तातडीच्या वेळी १०८.

दवाखान्यात तुम्ही नॉर्मलला दोन-एक दिवस, सिझरला चार-पाच दिवस राहाल. त्या रात्री तो कोणाच्या कुशीत झोपेल? हे आधी ठरवा आणि आठव्या महिन्यात सराव करा. आठवड्यातून दोन रात्री बाबांनी किंवा आजीनं झोपवायचं, तुम्ही दुसऱ्या खोलीत. पहिल्या रात्री रडेल. पाचव्या रात्री "बाबा, गोष्ट" म्हणेल. कळा मध्यरात्री सुरू झाल्या तर शेजारच्या कोणाला फोन करायचा, तेही ठरलेलं असू द्या. बॅग दोन भरा. एक तुमची, एक त्याची: त्याचं पांघरूण, रात्रीची गोष्टीची पुस्तकं, नेहमीचा कप, तापाचं औषध, आणि कागदावर त्याच्या जेवणाच्या व झोपेच्या वेळा. निघताना चोरून निघू नका. झोपेत असेल तरी कानात सांगून निघा.

५. पहिली भेट

बऱ्याच दवाखान्यांत लहान मुलांना वॉर्डात सोडत नाहीत, तेव्हा भेट घरीच होईल. तो समोर येईल तेव्हा तुमचे हात रिकामे हवेत. बाळ आजीकडे किंवा पाळण्यात असू द्या. आधी त्याला पोटभर जवळ घ्या, मग "चल, बघू या का?" म्हणा. नको म्हणाला तर नको.

भेटायला येणाऱ्यांना आधीच फोनवर सांगा की आल्यावर पहिले थोरल्याशी बोला. दोन-चार छोट्या वस्तू कपाटात ठेवा. कोणी फक्त बाळासाठी झबलं-टोपडं घेऊन आलं तर त्यातली एक त्याला देता येते.

६. पाजण्याच्या वेळा

सगळ्यात कठीण हेच आहे. तान्हं बाळ चोवीस तासांत आठ-बारा वेळा पितं, आणि तुम्ही बसलात की थोरल्याला नेमकी तेव्हाच भूक लागते, शू येते, तो पडतो. बसण्याआधी दोन मिनिटं त्याला द्या: शू, पाणी, खायला काहीतरी ताटलीत. मग पाजायला बसा.

एक टोपली फक्त या वेळेसाठी काढायची. माझ्या टोपलीत जुना मसाल्याचा डबा, त्यातल्या वाट्या, चमचे, कपड्यांचे चिमटे आणि दोन पुस्तकं होती. पाजणं संपलं की टोपली वर फळीवर. रोज समोर पडून राहिली तर चार दिवसांत तिची किंमत जाते. तो वाट्या एकात एक घालायचा, चिमटे डब्याच्या कडेला लावायचा, आणि डब्याचं झाकण सापडलं नाही की माझ्या पायावर डोकं टेकून पडायचा. तेही चालायचं. एक हात मोकळा असतोच.

त्यानं अंगावर प्यायला मागितलं तर? आधी बाळाला, मग त्याला. पहिल्या दिवसांचं चिकाचं दूध तर आधी बाळाचंच. मागणारी बरीच मुलं नुसतं तोंड लावून हसतात आणि पळतात.

आणखी एक करा. दिवसातून दोनदा तरी तान्हीला थोरल्याला ऐकू जाईल असं सांगा, "थांब गं, आत्ता दादाची पाळी आहे." दिवसभर तो हेच ऐकत असतो की बाळ झोपलंय, हळू बोल, बाळाचं झालं की मग. थांबणं दोघांच्याही वाट्याला येतं, हे त्याच्या कानावर पडायला हवं.

७. नागपूरचा उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये बाळंतपण असेल तर हा भाग दोनदा वाचा. पारा ४५ ला टेकतो तेव्हा घर कूलरवरच चालतं. बाळ थेट झोतात नको. खोलीच्या कडेला, झोत भिंतीकडे वळवून, आणि एक खिडकी उघडी. सुती झबलं पुरे. टोपडं-मोजे घालून गुंडाळून ठेवायला सांगतील. बाळाची छाती-पाठ हाताला गरम, घामट लागली तर एक थर काढा.

पाणी देऊ नका. "एवढ्या उन्हात लेकराला घोटभर पाणी नाही?" हे तुम्ही वीसदा ऐकाल. सहा महिने अंगावरचं दूधच पुरतं, त्यात पाणी असतंच. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल तर बाळाला पुरेसं मिळतंय. पाणी तुम्ही प्या. थोरल्याला ताक, पन्हं द्या. मध आणि गुटी दोन्ही नकोत. मध तर वर्षापर्यंत नाहीच, त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

कूलर थोरल्यासाठी जास्त धोक्याचा आहे. तुम्ही बाळात गुंतलेल्या, आणि तो पाण्याकडे ओढला जातो. अर्थिंग तपासून घ्या. पाणी भरताना बटण बंद करून प्लगही काढा. खालची टाकी उघडी राहू देऊ नका. न्हाणीघरातली बादली भरून ठेवू नका, कारण एवढंसं लेकरू वीतभर पाण्यातही बुडू शकतं. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासा, म्हणजे डेंग्यूचे डास होणार नाहीत.

शेक-शेगडीचं म्हणाल तर मेमध्ये सोडूनच द्या. थंडीतही बंद खोलीत कोळसा किंवा गोवरी पेटवू नका. धूर आणि त्यातला विषारी वायू तान्ह्याला झेपत नाही, आणि जमिनीवरची शेगडी दोन वर्षांच्या मुलासाठी भाजण्याची जागा आहे.

८. मालिशवाल्या मावशी

आमच्याकडे सकाळी नऊला मावशी यायच्या. पाय लांब करून बसायच्या, धाकटीला पायांवर आडवी घ्यायच्या आणि कोमट खोबरेल तेलानं हळूहळू चोळायच्या. तिसऱ्या दिवशी तिची आंघोळ उरकून मी तिला दुपट्यात घेतलं, आणि पाहते तर थोरला शर्ट काढून मावशींच्या पायांवर जाऊन पालथा पडलेला. त्याचं डोकं त्यांच्या गुडघ्यांवर आणि पाय पार घोट्यांच्या पुढे, फरशीवर. मावशी हसल्या नाहीत, 'मोठा झालास' म्हणाल्या नाहीत. तळव्यावर तेल घेतलं आणि मानेपासून टाचेपर्यंत त्याला तसंच चोळलं, तेवढाच वेळ. तो डोळे मिटून पडला होता. त्यानंतर दीड महिना रोज दोन मालिश झाल्या. मावशींचे पैसे मी वाढवून दिले. त्या दीड महिन्यात मी खर्च केलेले सगळ्यात चांगले पैसे ते.

९. मारणं, आणि त्याहून धोकादायक प्रेम

तो चापटी मारेल, ओढेल. हात धरा, थोडक्यात सांगा: "मारू देणार नाही. हळू हात." आणि त्याचा हात धरून तिच्या पावलावरून फिरवा. लांब भाषण नको, उलट मारणं तर नकोच.

पण मला जास्त भीती वाटली ती त्याच्या लाडाची. एका दुपारी मी वळून पाहते तर धाकटीच्या ओठांवर एक मुरमुरा. त्यानं आपल्या वाटीतला तिला दिला होता. म्हणून हा नियम: दोघं एका खोलीत, तर जागं मोठं माणूस तिथेच. मिनिटभरासाठीही नाही म्हणजे नाही. बाळाला पाठीवर, वेगळ्या घट्ट गादीवर झोपवा. मोहरीची उशी, मऊ तक्के जवळ नकोत, आणि थोरल्याला तिच्या शेजारी झोपवू नका.

पापी पावलांची, तोंडाची नाही. बाहेरून आल्यावर हात धुवायचे. त्याच्या लसी वेळेवर हव्यात. १६ ते २४ महिन्यांतला डीपीटीचा बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस राहिला असेल तर बाळ येण्याआधी घ्या, म्हणजे डांग्या खोकला आणि गोवर त्याच्यामार्फत घरात येण्याची शक्यता कमी होते. तान्ह्याला ताप आला, अंग गार पडलं, ते पिईनासं झालं, श्वास जोरात चालला किंवा तळवे पिवळे दिसले, तर घरगुती काही न करता थेट दवाखाना. आशाताई ४२ दिवसांत घरी येऊन बाळ तपासतात, त्यांना हे सगळं दाखवा.

तुमचंही बोला. सारखं रडू येतं, दोघांपैकी कोणाजवळही जावंसं वाटत नाही, दोन आठवडे उलटले तरी तेच, तर घरच्यांना सांगा, डॉक्टरांना सांगा. मन हलकं करायला, मदत मागायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत नंबर रात्रंदिवस चालतो.

१०. कागद

जन्माची नोंद २१ दिवसांत. दवाखाना नोंद पाठवतो, दाखला महानगरपालिकेतून घ्यायचा. नाव ठरलं नसेल तरी नोंद थांबवू नका, नाव नंतर घालता येतं. नोकरी असेल तर दुसऱ्या बाळालाही २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. दुसरी मुलगी झाली तर पात्र कुटुंबांना मातृवंदना योजनेतून ६,००० रुपये एकरकमी मिळतात. अंगणवाडीत विचारा.

११. त्याचा एक दिवस

तीन महिन्यांनी गाडी रुळावर येते. आठवड्यातून एक तास फक्त त्याचा ठेवा, दोन पाजण्यांच्या मध्ये. महाराजबागेत मोर बघणं, किंवा कोपऱ्यापर्यंत चालत जाणं. दुचाकीवर नेणार असाल तर चार वर्षांपर्यंतच्या मुलाला हेल्मेट आणि बांधायचा पट्टा हवा, आणि वेग ४० च्या आत.

आम्हाला तो दिवस तान्ह्या पोळ्याला मिळाला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, लेकरं लाकडी बैल घेऊन घरोघरी जातात तेव्हा. धाकटी साडेतीन महिन्यांची. तिला पाजून आजीजवळ दिली आणि मी त्याच्यासोबत निघाले. त्याचा लाकडी बैल आम्ही दोघांनीच सजवला होता, शिंगांना बेगड, गळ्यात झेंडूची माळ. गल्लीतल्या सहा घरी गेलो. परत आलो तेव्हा त्याच्या मुठीत घरोघरी मिळालेले बोजाऱ्याचे पैसे घट्ट आवळलेले होते. त्यानं बैल पाळण्याजवळ आणून उभा केला, तिच्या नजरेसमोर येईल असा सरकवला, आणि तिला म्हणाला, "हात नाही लावायचा. बघ फक्त."